निवृत्तिवेतनाचा वाद आणि रिकाम्या खुर्च्या

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात निःसंदिग्धपणे मांडले. केलेल्या सेवेचाच तो मोबदला आहे, असा त्या निकालाचा आशय. या तत्त्वाला आज कोणताही पक्ष उघड विरोध करीत नाही. वाद आहे तो हा मोबदला केव्हा आणि कोणत्या पैशांतून द्यावयाचा याविषयी. त्या वादाच्या गदारोळात अधिक मूलभूत असा एक प्रश्न मागे पडला आहे. मोबदल्यास पात्र ठरेल असा सेवक सरकार मुळात नेमणार आहे काय?

जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला वर्गणी भरावी लागत नसे. अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, महागाई वाढीसह, चालू महसुलातून मिळे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळून, नव्या नेमणुकांसाठी ही योजना बंद केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून. त्यानंतर कर्मचारी वेतनाचा दहावा हिस्सा भरू लागला, सरकारही आपला वाटा घालू लागले. परंतु हाती किती पडेल हे बाजारावर सोपविले गेले. जोखीम सरकारच्या खांद्यावरून कर्मचाऱ्याच्या खांद्यावर गेली. एकाच कचेरीत, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोन लिपिकांचे म्हातारपण केवळ रुजू होण्याच्या तारखेने वेगळे ठरले. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले, त्यामागे हीच खंत होती.

खंत रास्त असली, तरी जुन्या योजनेकडे जसेच्या तसे परतणे हा त्यावरचा उपाय नव्हे. राजस्थान आणि छत्तीसगड या राज्यांनी २०२२ साली तो मार्ग धरला. त्यातील मोह उघड आहे. २००४ नंतर लागलेले बहुसंख्य कर्मचारी निवृत्त होण्यास अद्याप अवकाश आहे. म्हणजे जुनी योजना आणणाऱ्या सरकारचा वर्गणीचा खर्च आज वाचतो. देणे मात्र पुढच्या सरकारांच्या आणि पुढच्या पिढीच्या माथी बसते. रिझर्व्ह बँकेनेही राज्यांच्या अर्थस्थितीवरील आपल्या अहवालात हाच धोका दाखवून दिला होता.

केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेली एकत्रित निवृत्तिवेतन योजना या दृष्टीने योग्य दिशेचे पाऊल आहे. कर्मचाऱ्याची वर्गणी १० टक्के, सरकारचा वाटा १८.५ टक्के आणि २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी, असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये ती स्वीकारली. वचन आहे आणि वचनामागे निधीही आहे.

परंतु २५ वर्षांच्या या अटीतच खरी मेख आहे. अडतिसाव्या वर्षी नेमणूक मिळून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची सेवा २० वर्षेच भरते. या प्रमाणाने त्याला ५० नव्हे, ४० टक्केच मिळतील. आणि उशिरा नेमणूक हा अपवाद राहिलेला नाही. भरती वर्षानुवर्षे रखडते, पदे रिक्त राहतात आणि काम कंत्राटी हातांवर ढकलले जाते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या उमेदीच्या वर्षांची निवृत्तिवेतनाच्या हिशेबात नोंदच होत नाही. बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासननिर्णय लोकक्षोभामुळे पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. पण एक आदेश मागे घेतल्याने वृत्ती बदलत नाही. खुर्ची रिकामी ठेवणे हीच निवृत्तिवेतनातील सर्वांत मोठी, आणि कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारी, कपात आहे.

करदात्यांपैकी बहुतेकांना निवृत्तिवेतनच नाही, मग सरकारी नोकरांनाच ते का, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ साली दरमहा अवघे १,००० रुपये ठरविण्यात आले होते. तथापि एकाची वंचना दुसऱ्याच्या वंचनेने भरून निघत नाही. असंघटितांना वर आणावयाचे, की संघटितांना खाली ओढावयाचे, हा निवड करण्याचा प्रश्न आहे.

म्हणून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पुढील तीस वर्षांच्या निवृत्तिवेतनाच्या देण्याचा अंदाज दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवावा. मंजूर पदे ठरलेल्या वेळापत्रकाने भरावीत, आणि जी अनावश्यक असतील ती कारणे देऊन उघडपणे रद्द करावीत. कंत्राटी अथवा तासिका तत्त्वावरील सेवकाच्या नावे पहिल्या दिवसापासून खाते उघडून सरकारने आपला वाटा भरावा, आणि पुढे नेमणूक कायम झाल्यास ती वर्षे सेवेत धरावीत.

कर्मचारी संघटनांनीही आपल्या मागण्यांच्या यादीत या तिसऱ्या गोष्टीला पहिले स्थान द्यावयास हवे. आपल्या सभासदांच्या निवृत्तिवेतनासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या संघटना शेजारच्या टेबलावरील कंत्राटी सहकाऱ्यासाठी मौन पाळतील, तर उद्या त्यांच्या मागे उभे राहावयास कायम सेवक पुरेसे उरणार नाहीत.