आईला मिळालेली हिरवी खूण

मागच्या मे महिन्यात ऑफिसात एक काम आलं. आपत्तीतून वाचलेल्यांना मानसिक आघाताचा त्रास आहे का, हे चाचपणारी प्रश्नावली मराठी ॲपमध्ये बसवायची. नाव पीसीएल-५. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. ३१ ते ३३च्या वर गेलात की पुढे तज्ज्ञाकडे. भाषांतर तयार होतं. मी बदलापूरला घरी येऊन आईवर टेस्ट केली.

२६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तेव्हापासून पावसाळा लागला की आई रेशनकार्ड, दाखले प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवते. मध्यरात्री उठून टॉर्चने जिन्याखाली पाणी बघते. ॲपने विचारलं, त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा टाळता का? ती म्हणाली, "अरे, कामाला रोज त्याच पुलावरून जाते, टाळू कशी?" शून्य. प्रश्न सगळे मागच्या एका महिन्याचे, आणि महिना मे. एकूण गुण ११. हिरवी खूण.

तिला आजार आहे असं मी म्हणत नाही. पण हिरवी खूण देण्याइतकं ॲपला कळलं काय? २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधले हजारेक प्रवासी तो मार्ग टाळू शकतात. इथे राहणारे नाही. प्रश्न एकच, अर्थ दोन.

प्रश्नावली वाईट नाही. ती अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी केंद्रात तयार झाली, ३१-३३ची रेषाही तिथल्या माजी सैनिकांच्या मुलाखतींशी ताडून काढली. आपण मात्र ती जशीच्या तशी उचलतो. हा निव्वळ आळस आहे. भाषांतर म्हणजे पडताळणी नव्हे. (कोड कंपाइल झाला म्हणजे बरोबर चालतो, असं आमच्यातला फ्रेशरही म्हणत नाही.) इथल्या माणसांनी फॉर्म भरायचा, त्यांचे गुण माहीत नसलेल्या तज्ज्ञाने सविस्तर मुलाखत घ्यायची, मग दोन्ही ताडायचं. पावसाळ्यातसुद्धा. आणि उल्हासनगरात सिंधीतून वेगळं; फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीतून झालेलं शहर आहे ते.

"काहीच नसण्यापेक्षा बरं," हे ठरलेलं उत्तर. मग हिशेब करा. समजा, १,००० पैकी १०० जणांना खरंच त्रास आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर. ८० सापडतील, २० सुटतील. उरलेल्या ९००पैकी १८० जणांवर उगाच शिक्का. म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवलेल्या २६०पैकी १८० चुकीचे! आणि हे ८० टक्केही आपण इथे मोजलेले नाहीत, मी नुसते धरलेत.

पडताळणी होईपर्यंत निकाल दाखवू नका, असं मी टिकेटवर लिहिलं. उत्तर आलं, "युजरला रिझल्ट लागतो." टिकेट बंद झालं. हिरवी खूण अजून आहे.