कच्चा टाका, पक्की शिलाई

हल्ली घरोघरी ऐकू येते, "अब्बू, मी ॲप बनवलंय!" आणि ते खरेही असते. कोडची एक ओळ न लिहिता, तयार तुकडे जोडून मोबाइलवर चालणारे ॲप चार दिवसांत उभे राहते. पुढे तेच 'पक्के' करून घ्यायला एखाद्या कंपनीकडे जावे, तर लाखांचा आकडा ऐकून घरातले चक्रावतात. तयार वस्तूला एवढे पैसे कशाला?

शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना हे लगेच कळेल. माप बसते का, हे पाहायला आपण कच्चा टाका घालतो. तो पक्क्या शिलाईनंतर उसवायचाच असतो. मुंबईत 'धारावी डायरी' उपक्रमातल्या शाळकरी मुलींनी 'एमआयटी ॲप इन्व्हेंटर' या मोफत साधनाने ॲप बनवली. त्यातले एक सार्वजनिक नळावरच्या पाण्याच्या रांगेसाठी होते, तर एक स्त्रियांच्या सुरक्षेसाठी. पैसा न ओतता कल्पना लोकांपुढे ठेवता येते, हेच कच्च्या नमुन्याचे मोल.

मग पक्क्या कामात पैसा जातो कुठे? समजा, नाशिकच्या एखाद्या मोहल्ल्यात जकात फंडातून मुलांच्या फीसाठी अर्ज घेणारे ॲप कॉलेजातल्या मुलीने बनवले. नावे, गुण, घरचे उत्पन्न, आजारपण सगळे एकाच शीटमध्ये, आणि लिंक मिळेल त्याला ते वाचता येते. एखाद्या विधवेची अडचण मोहल्लाभर झाली तर? ही माहिती अमानत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असे म्हटले आहे.

कोणी काय पाहावे याची कुलपे, माहितीची रोजची प्रत, शेकडो जण एकदम आले तरी न कोसळणे, ही कामे पडद्यावर दिसत नाहीत. खर्च मात्र त्यांचाच असतो. शिवाय 'बबल'सारख्या साधनातून तयार कोड बाहेर काढून नेता येत नाही. म्हणजे पायापासून पुन्हा बांधणी.

आता हिशेब मांडू. तासाला ८०० रुपये दर आणि ३०० तास काम धरले तर २,४०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००. एकूण २,८३,२००. गूगलच्या दुकानात नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. फोनची प्रणाली बदलत राहते, त्यामुळे डागडुजीचा खर्च दरवर्षी वेगळा.

एका मुलाची वर्षाची फी पाच हजार धरली, तर एवढ्या रकमेत छप्पन मुले शिकतात. अर्ज चाळीसच येत असतील, तर पक्के ॲप कशाला? शीटला कुलूप लावा, दोनच जबाबदार माणसांना पाहू द्या, नको ते प्रश्न अर्जातून काढा. याला पैसा लागत नाही आणि हे आजच करता येते. अर्ज वाढले, हाताने सांभाळणे अशक्य झाले, की पक्क्या शिलाईचा विचार करा. तो खर्च जकातीतून चालेल का, हे आधी आलिमांना विचारा.

आणि काम द्याल तेव्हा सगळे लिहून घ्या. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. कोणते काम किती तासांचे, पैसे किती टप्प्यांत, काम लांबले तर काय, कोड आणि दुकानातली खाती कोणाच्या नावावर, हे कागदावर हवे. ओळखीतला, नात्यातला मुलगा काम करणार असेल तर जास्तच हवे. पैशांच्या वादात नाती तुटतात.

मुलीने ॲप बनवले याचा आनंद जरूर करा. त्यासाठी अम्मीचे दागिने गहाण टाकण्याआधी मात्र एक महिना ते वापरून पाहा आणि रोज किती जण उघडतात, ते वहीत मांडा.