गाडी अडली तर आधी ऐका

आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी पतपेढीचे कर्ज काढून जुनी टॅक्सी घेतली. पहाटे ४ वाजता तो स्टेशनबाहेर रांग लावतो, कारण बाहेरगावच्या गाड्यांनी आलेल्या प्रवाशांचे चांगले भाडे त्याच वेळी मिळते. गेल्या पावसाळ्यात ही टॅक्सी पहाटे सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसते 'टक्' वाजे. शेजारच्या पोरांना उठवून धक्का मारावा, तेव्हा कुठे इंजिन धरी. तोवर रांग हुके, भाडे जाई. हप्त्याची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग तो म्हणाला, "स्टार्टर गेला, ५,००० रुपये लागतील." भाच्याचा फोन आला, "जयभीम मामा, पाच हजारांची काही सोय होईल का?"

आम्ही पडलो कारकून, गाडीतले आम्हाला काय कळणार! पण पैसे देण्याआधी आम्ही त्याला आमच्याच वस्तीतल्या काकांकडे नेले. काका एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पान्हा हातात न घेता आधी विचारले, "किल्ली फिरवल्यावर तुला ऐकू काय येतं, ते सांग."

हा प्रश्नच मोलाचा आहे. 'गाडी सुरू होत नाही' ही तक्रार एक असली तरी दुखणी दोन असतात. पहिल्यात स्टार्टर इंजिनाला फिरवतच नाही, किंवा रडतरखडत फिरवतो. हे विजेचे दुखणे. बॅटरी, तिची टोके, जाड केबल किंवा स्टार्टर यांत कुठे तरी खोट असते. दुसऱ्यात इंजिन नेहमीसारखे गरगर फिरते, पण पेट घेत नाही. तिथे बॅटरी बदलून काही उपयोग नाही. पेट्रोल, ठिणगी आणि हवा यांपैकी काय कमी पडते ते पाहावे लागते.

भाच्याचे दुखणे पहिले होते. काकांनी पुढचे दिवे लावून किल्ली फिरवायला सांगितली. दिवे मंदावले असते तर बॅटरीचा किंवा तिच्या टोकांचा संशय होता. दिवे लख्ख राहिले. मग त्यांनी मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. किल्ली फिरवली तरी आकडा फारसा उतरला नाही. स्टार्टर जोर लावतो तेव्हा तो उतरतोच, फक्त साडेनऊच्या खाली जाऊ नये. म्हणजे स्टार्टर वीज ओढतच नव्हता. तो बिघडला होता, की त्याची वाट तुटली होती?

काकांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. किल्ली फिरवताना इथे अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसू नये. दिसले ९! विजेचा पाऊण दाब वाटेतच मुरत होता. इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या केबलचे नट खोलले, तर आत गंज आणि हिरवट थर. पॉलिश पेपरने घासून, आवळून वर ग्रीस लावले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. खर्च पॉलिश पेपरचा आणि चहाचा.

दुसऱ्या दुखण्याबद्दलही काकांनी सांगितले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली 'ऑन'वर ठेवून दोन सेकंद कान द्या. टाकीकडून पंपाची बारीक घरघर यायला हवी. ती आली नाही तर आधी फ्यूज पाहा, मग रिले, मग पंप. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, म्हणून टाकी कोरडी ठेवण्यात बचत नाही. पेट्रोलच पंपाला थंड ठेवते. कोरडा पंप लवकर जळतो. घरघर येत असेल तर प्लग आणि एअर फिल्टर पाहावे. मात्र ठिणगी पाहण्यासाठी प्लगची तार हातात धरू नये, तो हजारो व्होल्टचा झटका असतो.

आणखी काही पथ्ये. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त फिरवू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. बॅटरीजवळ विडीकाडी नको, तिच्यातून पेटणारा वायू निघतो. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा, म्हणजे पान्हा बॉडीला लागला तरी ठिणगी उडणार नाही. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नका.

तो गॅरेजवाला लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याने अंदाज केला, इतकेच. पण अंदाज कारागिराचा आणि पैसे गिऱ्हाइकाचे, हा व्यवहार आपल्याला परवडणारा नाही. कचेरीत तेरीज जुळली नाही तर आम्ही वही बदलत नाही, चुकलेली नोंद शोधतो. तेव्हा कुणी 'हा भाग गेला' म्हटले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा, "कशावरून?" मीटर लावून दाखवायला सांगा आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

भाच्याचे पाच हजार वाचले आणि त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला. आता दर पावसाळ्याआधी तो ती केबल खोलून घासतो आणि काकांना फोन करून सांगतो.