लष्कराच्या लहरी आणि कळवणची रेंज

स्पेक्ट्रमचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात: ए. राजा आणि १ लाख ७६ हजार कोटी. त्या आकड्यावर इतकी वर्षं भांडण चाललंय (२०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, तरी चालूच आहे) की दुसरा, माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच पडला. सरकारी खात्यांच्या ताब्यातल्या लहरी मोबाइल कंपन्यांना द्यायच्या तर कशा द्यायच्या? कितीला हे नव्हे, कशा.

थ्रीजीचं घ्या. त्यासाठी लागणाऱ्या पट्ट्यात लष्कर बसलं होतं. २००९ मध्ये संरक्षण आणि दूरसंचार खात्यांत करार झाला: लष्कराने जागा सोडायची, बदल्यात त्यांना ऑप्टिकल फायबरचं स्वतंत्र जाळं बांधून द्यायचं. २०१० मध्ये लिलाव झाला, सरकारला ६७ हजार कोटींच्या वर मिळाले. आणि फायबर? त्याच्या १३,३३४ कोटींना मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २०१२ मध्ये! २०१८ मध्ये त्यात आणखी ११,३३० कोटी घालावे लागले.

आमच्या धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात. नवा सर्व्हर उभा करायचा, दोन्ही काही दिवस सोबत चालवायचे, मग जुना बंद करायचा. इथे जुन्याची जागा आधी विकली आणि नव्याचं बजेट दोन वर्षांनी मंजूर केलं. "लष्कर उगाच अडवून बसलंय" असं म्हणणं सोपं आहे, पण आपण नाशिकवाले. देवळालीला तोफखाना, ओझरला हवाई दल. त्यांचे रेडिओ म्हणजे काही सिमकार्ड नव्हे, की काढलं आणि दुसरं घातलं. अमेरिकेने २००४ मध्ये यासाठी कायदाच केला. खात्याने हलण्याचा खर्च आधी सांगायचा, लिलावात निदान त्याच्या ११० टक्के रक्कम यायलाच हवी, आणि खर्च त्यातूनच भागवायचा. मला हे पटतं. कोणतंही खातं आपली जागा फुकट सोडत नाही, मग ते सरकारी असो नाहीतर आपल्या सोसायटीतलं पार्किंग.

आता दुसरी बाजू, जी कळवणच्या माणसाला जास्त लागते.

लहर जितकी कमी फ्रिक्वेन्सीची, तितकी ती लांब जाते आणि डोंगराआड थोडीफार वळते. सप्तशृंगीच्या डोंगररांगेत ज्यांनी फोन हातात धरून रेंज शोधली आहे त्यांना हे पुस्तकात वाचायची गरज नाही. आमच्यासारख्या भागाला सोयीचा पट्टा म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. जगात बहुतेक ठिकाणी तो टीव्ही प्रसारणाचा होता, टीव्ही डिजिटल झाल्यावर मोबाइलकडे आला. आपल्याकडे २०१६ मध्ये तो लिलावात काढला, देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी या किमान भावाने. एकानेही बोली लावली नाही. २०२१ मध्ये भाव ६,५६८ कोटी केला. तरी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणला तेव्हा एकट्या जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले.

म्हणजे सहा वर्षं ही लहर पडून होती. चणकापूरचं पाणी आवर्तनात सोडलं नाही तर निदान धरणात तरी राहतं. लहरीचं तसं नाही, आज वापरली नाही ती उद्या दुप्पट होऊन मिळत नाही. गेली ती गेलीच.

बरं, भाव चढा ठेवून तिजोरी भरली असं मानलं, तरी पुढे काय? जिथे कंपन्या पोचल्या नाहीत अशा २४,६८० गावांत फोरजी न्यायला २०२२ मध्ये सरकारनेच २६,३१६ कोटी मंजूर केले. कंपनीकडून एका हाताने घ्यायचं आणि तिने सोडलेल्या गावासाठी दुसऱ्या हाताने खर्च करायचा.

जर्मनीने २०१० मध्ये ८०० मेगाहर्ट्झ विकताना उलटा क्रम लावला. आधी पाच हजारांपेक्षा कमी वस्तीची गावं, मग पुढचा टप्पा, शहरं सगळ्यात शेवटी. भाव थोडा कमी आला तरी चालेल, पण अट अशी हवी.

आपल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात पुरेशा कारणाशिवाय न वापरलेला स्पेक्ट्रम परत घेण्याची तरतूद आहे. चांगलीच आहे. फक्त "वापरला" हे मोजायचं कुठे? माझं म्हणणं, तालुक्यात मोजा, आणि तेही कळवणच्या बाजारपेठेत उभं राहून नको. तिथे रेंज असतेच. अभोण्याच्या पुढे जा, पाड्यांवर जा, डोंगराच्या मागच्या अंगाला जा, आणि तिथून फोन लावून बघा.