परिचारिकांच्या जर्मनीतील भरतीबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जर्मनीला परिचारिका पाठवताना खर्च, दर्जा व मोबदला यांच्या अटी करारात लेखी घालण्याबाबत.

महोदय,

जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. त्यात परिचारिकाही आहेत. ही संधी आम्हाला हवी आहे. मात्र जनरल नर्सिंगची ३ किंवा बी.एस्सी. नर्सिंगची ४ वर्षे आपल्याकडे शिकलेली परिचारिका जर्मन रुग्णालयाला तयार मिळते. तेव्हा तिच्या शिक्षणाच्या खर्चाचा वाटा त्या देशानेही उचलला पाहिजे. जागतिक आरोग्य सभेने मे २०१० मध्ये स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय भरतीची संहिताही मनुष्यबळ पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही देशांचा लाभ व्हावा, असेच सांगते. ती ऐच्छिक असल्याने तिचे तत्त्व बंधनकारक करायचे तर ते करारातच यायला हवे.

आरोग्य मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या यादीत भारत नाही, शिवाय येथे परिचारिका बेकार आहेत, मग नुकसान कसले, असे विचारले जाते. पण नोकरी न मिळालेली परिचारिका आणि परिचारिकेविना चालणारे ग्रामीण रुग्णालय एकाच राज्यात असतील, तर त्याला मनुष्यबळाची विपुलता म्हणता येत नाही. पदे भरली जात नाहीत, कंत्राटावर तुटपुंजा पगार मिळतो, म्हणून परदेशाची वाट धरली जाते. त्यावर उपाय म्हणून कोणाला अडवावे किंवा बाँड लिहून घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. परदेशी जाणे हा परिचारिकेचा हक्क आहे. राज्याने तिच्या बाजूने वाटाघाटी कराव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

अटी घातल्या तर जर्मनी दुसरीकडे वळेल, ही भीतीही अनाठायी आहे. जर्मनीच्या शासकीय यंत्रणा २०१३ पासून ‘ट्रिपल विन’ योजना चालवतात. तीत परिचारिकेकडून भरतीचे शुल्क घेतले जात नाही आणि केरळची नोर्का रूट्स ही संस्था डिसेंबर २०२१ पासून तीत सहभागी आहे. याउलट, खाजगी दलालांनी आखाती नोकऱ्यांसाठी लाखो रुपये उकळल्यावर केंद्राने २०१५ मध्ये परिचारिकांची भरती शासकीय संस्थांमार्फत करण्याचे बंधन घातले. पण ते १८ देशांपुरते होते आणि त्यांत जर्मनी नाही. ती उणीव राज्याच्या करारानेच भरून निघू शकते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. भाषा प्रशिक्षण, परीक्षा, व्हिसा व प्रवास यांचा कोणताही खर्च परिचारिकेवर पडू नये. दलालांना प्रक्रियेत स्थान नसावे.

२. जर्मनीत पदवीला मान्यता मिळेपर्यंत परिचारिकेला सहायक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. त्या काळाची कमाल मुदत, वेतन आणि मान्यता परीक्षेची तयारी करारात नमूद असावी.

३. प्रत्येक नियुक्तीमागे जर्मन रुग्णालयाने ठरावीक रक्कम राज्यातील शासकीय नर्सिंग शिक्षणासाठी द्यावी.

४. परिचारिकांच्या रिक्त पदांची जिल्हानिहाय माहिती जाहीर करून ती पदे नियमित वेतनश्रेणीत भरावीत.

५. परतणाऱ्या परिचारिकेचा परदेशातील अनुभव शासकीय भरतीत ग्राह्य धरावा.

या मागण्यांवर परिचारिकांच्या प्रतिनिधींसह बैठक घ्यावी आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
परिचारिका, नर्सिंगचे विद्यार्थी व पालक