प्रकार अनेक, म्हणून लस नको? हा हिशोब चुकीचा आहे

थंडी पडली की आपल्या दीपनगर-भुसावळ भागात उलट्या-जुलाबांनी गळून गेलेली तान्ही मुले दवाखान्यात येऊ लागतात. पूर्वी "दात येताहेत" किंवा "दृष्ट लागली" असे सांगितले जाई. आता शिकलेले आईवडील विचारतात, "डॉक्टर, रोटाव्हायरसचे म्हणे खूप प्रकार आहेत, ते बदलतही राहतात. मग लस देऊन उपयोग काय?"

यातला पहिला भाग खरा आहे. या विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर दोन प्रथिने असतात. त्यांवरून त्याचे 'जी' आणि 'पी' प्रकार ठरतात. उदाहरणार्थ जी1पी8, जी2पी4. विषाणूची जनुके 11 वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. एकाच मुलाला एका वेळी दोन प्रकारांची लागण झाली, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन नवी जोडी तयार होऊ शकते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या प्रकारांचा अनेक वर्षांपासून अभ्यास करत आहे.

पण यावरून "लस नको" असा निष्कर्ष काढणे साफ चूक आहे. एका प्रकाराशी झुंज दिलेले शरीर दुसऱ्या प्रकारालाही बऱ्याच अंशी ओळखते. रोटाव्हॅक ही भारतीय लस दिल्लीत एका नवजात बाळाकडून मिळालेल्या 116ई या एकाच विषाणूपासून बनली. त्याचा प्रकार जी9पी11. तिची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू येथे सुमारे 6,800 बाळांवर झाली. तिथल्या मुलांना आजारी पाडणारे प्रकार बहुतांशी वेगळेच होते. तरीही पहिल्या वर्षातले रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे 56 टक्क्यांनी कमी झाले.

"फक्त 56?" असे कोणी म्हणेल. मान्य आहे, ही लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात. इतर जंतू आहेतच. पण ज्या 100 बाळांना सलाईन लावण्याची वेळ आली असती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांवरची ती वेळ टळते, ही लहान गोष्ट आहे का? आणि "नैसर्गिक लागण होऊ दे, शरीर आपोआप शिकेल" म्हणणाऱ्यांनी वेल्लोरचा अभ्यास पाहावा. तिथे तीनदा लागण होऊनही पुढच्या मध्यम-गंभीर आजारापासून संरक्षण 79 टक्केच मिळाले. ते शिकताना होणारा त्रास बाळ सोसते, सल्ला देणारा नाही.

महाराष्ट्रात 2019 पासून ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. ती तोंडाने द्यायची असते, सुई नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात एकेक डोस. उशीर झाला असेल, तर बाळ वर्षाचे होण्याआधी पहिला डोस द्या. मात्र लस दिल्यावर बाळ थांबून थांबून कळवळून रडले, पोट फुगले, शौचातून रक्त आले, तर ताबडतोब दवाखाना गाठा. आतड्यात आतडे अडकण्याचा प्रकार फार क्वचित होतो, पण तो ओळखलाच पाहिजे.

प्रकारांची चर्चा शास्त्रज्ञांसाठी मोलाची आहे, पण आजारी बाळाच्या उपचारात त्याने काहीच बदलत नाही. प्रकार कुठलाही असो, ओआरएस घोट-घोट पाजत राहा, अंगावरचे दूध चालू ठेवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक द्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जुलाब "बंद करणारी" गोळी लहान मुलांना घातक ठरू शकते. पालकांच्या आग्रहाखातर ती लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांनीही आता थांबले पाहिजे. बाळाला लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील, ते सुस्त पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

विषाणू रूप बदलत राहील. आपण मात्र लसीची तारीख बदलू नये.