तडकलेलं कव्हर बदलाच

मोटारसायकल घसरून पडली की आधी आरसा, हँडल, इंडिकेटर पाहिले जातात. खरं तर आधी पाहायला हवीत ती इंजिनाच्या दोन्ही बाजूंची कव्हरं. बहुतेक गाड्यांत उजवीकडे क्लच असतो, डावीकडे मॅग्नेटो, आणि त्यांवरचं झाकण ओतीव ॲल्युमिनियमचं, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं. डांबरावर घासलं की ते झिजतं, दगडावर आपटलं की तडकतं, आणि आतलं तेल मागच्या चाकापर्यंत पोचू शकतं. म्हणूनच सुपरबाइक शर्यतींच्या नियमांत तेल असलेल्या अशा कव्हरांवर दुसरं संरक्षक कव्हर सक्तीचं आहे. मागून येणाऱ्या स्वारांचाही विचार त्यात आहे. क्रॅश गार्ड आहे ना, असं कुणी म्हणेल. उभी गाडी कलंडली तर तो पुरतो; वेगात घसरताना मात्र तो वाकून कव्हरालाच भिडू शकतो. एम-सीलने भागतं, हा दुसरा आक्षेप. तेल पुसून, पृष्ठभाग खरवडून लावलं तर ते घरापर्यंत पोचवेल. सतत तापणाऱ्या-निवणाऱ्या धातूवर त्याचा कायमचा भरवसा धरता येत नाही. छोटी चीर आर्गन वेल्डिंगने भरता येते, तीही कव्हर उतरवून, तेलाचा अंश नीट काढल्यावरच. चीर बोल्टच्या भोकात किंवा गॅस्केट बसते त्या कडेत शिरली असेल, तर कव्हर बदलावंच. खर्च होतो, हे खरं. पण तेलाअभावी जाम झालेल्या इंजिनाचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. सांडलेल्या तेलावरून पडणाऱ्या अनोळखी स्वाराचा हिशेब तर आपण धरतच नाही. तो धरायला हवा.